खिळ्यावरचा पाइप

१

रंगनाथ खांबेटे गेला तो मंगळवारी दुपारी, एक ते चारच्या बंद वेळात. मरायलासुद्धा त्याने गिऱ्हाइकांची वेळ मोडली नाही, असं मी वैकुंठ स्मशानभूमीत कुणाला तरी म्हणालो आणि त्यावर लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला मान्य आहे. माझं तोंड असंच आहे. चाळीस वर्षांचा मित्र गेल्यावर माणसाने रडावं, पण मला ते वेळेवर जमत नाही.

रंगाचं दुकान कोथरूडला, मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. जुन्या जर्मन गाड्यांचं ट्यूनिंग, बाकी काही नाही. पत्रा ठोकणार नाही, रंग मारणार नाही, टायरमध्ये हवासुद्धा भरून देणार नाही. दारावर पाटी होती: 'येथे फक्त गाडीचे ऐकले जाते, मालकाचे नाही.' ती वाचून निम्मी गिऱ्हाइकं परत जायची आणि उरलेली जन्माची त्याची व्हायची.

काम तो कानाने करायचा. हातभर लांबीची एक रबरी नळी, तिचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेची सूं सूं ऐकत स्क्रू फिरवायचा. मनासारखं झालं की चालू इंजिनावर रुपयाचं नाणं काठावर उभं करायचा. नाणं पडलं नाही की गाडी तयार.

आणि दुकानात इंजिन सुरू करायचं तर आधी पाइप. चांगला मनगटाएवढा पाइप, एक टोक गाडीच्या धुराच्या नळकांड्याला, दुसरं मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या बोळात. दुकान लहान, त्यामुळे हा नियम त्याने कधी मोडला नाही. काम नसेल तेव्हा पाइप भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असायचा.

त्या दिवशी साडेचारला गंधार नावाचं त्याचं गिऱ्हाईक आलं. शटर खाली, आत इंजिन चालू. त्याने शटर उचललं. त्याचीच साठ सालची करडी मर्सिडीज चालू होती. रंगा शेजारी स्टुलावर बसला होता, तळहात गाडीच्या मडगार्डवर, डोकं त्याच हातावर टेकलेलं. पाइप खिळ्यावर होता.

पोलिसांनी लिहिलं: बंद जागा, गाडीचा विषारी वायू, अपघात. वय चौऱ्याहत्तर, विसरला असेल पाइप लावायला.

खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं मी त्याच्याकडे जाणं कमी केलं होतं. पूर्वी माझी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की रंगा आवाजावरून ओळखून दोन चहा सांगायचा. मी पोचायच्या आत चहा हजर. मग ते बंद पडलं. मी दुकानात जाऊन उभा राहिलो तरी त्याचं लक्ष नसायचं. फोन तर उचलायचाच नाही, मेसेज कर म्हणायचा. मी पडलो पुण्याचा. अपमान झाला की आम्ही कारण विचारत नाही, जाणं बंद करतो.

तेराव्याचं जेवण झाल्यावर त्याची मुलगी श्यामला माझ्याजवळ येऊन बसली. एकुलती एक, शाळेत भूगोल शिकवते. ताटं उचलली जात होती. ती हळूच म्हणाली, "काका, शटर बाबांनी नव्हतं ओढलं. मी ओढलं होतं."

२

आम्ही गच्चीवर गेलो. तिने सगळं एका दमात सांगितलं. अशी गोष्ट कित्येक दिवस मनात घोळवलेली असते, त्यामुळे ती शोधत बसावी लागत नाही.

जागा बिल्डरला द्यायची की नाही यावरून बापलेकीत वर्षभर धुसफूस होती. त्या दिवशी ती पाऊणला दुकानात गेली. बोलता बोलता तिचा तोल गेला. एक वाजता निघाली, बाहेर येऊन शटरला हात घातला आणि ते खाली ओढताना म्हणाली, "मरा एकदाचे त्या गाड्यांतच."

"असं म्हणाले मी. आणि शटर आपटलं. आणि ते मेले." ती रडत नव्हती. "मीच मारलं का त्यांना? शटर उघडं राहिलं असतं तर? किंवा माझं ते बोलणं ऐकून त्यांनी मुद्दामच..."

"एवढा राग कशाचा होता? जागेचा?"

ती समोरच्या इमारतीकडे वळली.

"नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला सांगितलं, मूल होणार नाही. आई नाही, म्हणून बाबांना सांगायला दुकानात गेले. तोंडावर सांगवेना. म्हणून सिंकपाशी त्यांचा डबा धुता धुता सांगितलं. दहा मिनिटं बोलत होते मी. सगळं बोलून झालं आणि मागून ते म्हणाले, 'चहा ठेव.' बस. तेवढंच. त्या दिवसापासून मी त्यांना माफ केलं नाही."

मला रंगाचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं वाईट, पण आला.

"काका, तुम्ही शोधून काढा. माझ्यामुळे गेले असतील तर तसं सांगा. पण नक्की काय ते सांगा. मला झोप येत नाही."

चौतीस वर्षं मी विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासत होतो. झाड आपणहून आडवं आलं असं सांगणारे लोक मी पाहिलेत. पण स्वतःवर आळ घेऊन आलेलं माणूस तोवर एकही भेटलं नव्हतं. मी तिच्याकडून दुकानाच्या किल्ल्या घेतल्या.

३

आधी गंधार. हिंजवडीत एका कंपनीत मोठ्या पगारावर आहे, वय चाळिशीच्या आत, गाडी आजोबांची. ती दोन वर्षं रंगाकडे पडून होती आणि गेल्या महिन्यात याने 'ॲक्शन घेईन' असा मेसेज पाठवला होता. म्हणजे संशय घ्यायला जागा होती.

"सर, मी रागात लिहिलं होतं ते," तो म्हणाला. "त्या दिवशी तीन वाजेपर्यंत मी मीटिंगमध्ये होतो, बारा लोक होते समोर. मग तिथून निघून ट्रॅफिकमध्ये दीड तास. गाडी तयार झाली असा त्यांचा मेसेज वाटेत येईल असं वाटत होतं, पण आला नाही. सकाळी मात्र आला होता, 'आज गाडी गाईल, साडेचारला या.'"

"शटर उचललंत तेव्हा काय वाटलं? वास? डोळे झोंबले?"

"ॲक्च्युअली, नाही. ते विचित्रच होतं. इंजिन एकदम मख्खन चालत होतं. नाणं उभं होतं वर. मी आधी हसलो, सर. म्हटलं झाली एकदाची गाडी. मग ते दिसले. मला ती गाडी नकोशी झालीय. राहू दे तिथेच थोडे दिवस."

डोळे झोंबले नाहीत, हे मी मनात घोळवत परत आलो. रंगाने लावलेली गाडी डोळ्यांना झोंबायचीच. पेट्रोल हवेपेक्षा किंचित जास्त ठेवायची त्याची खोड होती. 'पुण्याबाहेर पडलं की घाट आलाच, गाडीला दोन घास जास्त द्यावेत,' म्हणायचा. त्यात शास्त्र किती ते देव जाणे, पण त्याच्या मागच्या बोळात उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं.

त्या बोळात वेणूबाई राहते. भिंतीतल्या भोकासमोरच तिची कपड्यांची दोरी. रंगाशी तिचं वीस वर्षं भांडण.

"त्या दिवशी भोकातून काही येत होतं का?" मी विचारलं.

"येत व्हतं की. वाळत घातलेली साडी समदी हालत व्हती, हितवर वास. मी शिव्या बी घातल्या. मंग मधीच थांबलं. साडी गप झाली."

"म्हणजे गाडी बंद झाली."

"बंद कुठली? गाडी आत चालूच हाय. भिंतीतनं घुं घुं येतंय, आन् भोकातनं वारा न्हाई. मी म्हनलं बरं झालं, आज म्हाताऱ्याला अक्कल आली. नळाचं पाणी दीडला जातं, त्याच्या जरा आधी. मंग मी घरात जाऊन पडले."

मी तिथेच पायरीवर बसलो. रंगा पाइप लावायला विसरला नव्हता. पाइप लावलेला होता आणि इंजिन चालू असताना कुणीतरी तो काढून खिळ्याला टांगला होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. धूळ बसायला लागली होती. रबरी नळी गाडीच्या टपावर तशीच पडली होती. या जागेत आवाज नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग कामाला लागलो. या गाडीला कार्बोरेटर दोन. प्रत्येकाला पेट्रोल कमीजास्त करणारा एक बारीक स्क्रू. तो पूर्ण बंद होईपर्यंत किती फिरतो ते मोजलं की आधी कुठे ठेवला होता ते कळतं. दोन्ही मोजले. रंगा ठेवायचा त्यापेक्षा दोन्ही कमी. दोन घास जास्त सोडाच, या गाडीला तोलून मापून जेवायला घातलं होतं. हे रंगाच्या हातचं काम नव्हतं.

मी गाडीच्या मागे गेलो, गुडघे दुखत असताना वाकलो आणि धुराच्या नळकांड्यात बॅटरी मारली. आत काजळी. त्या काजळीत खालच्या बाजूला पेन्सिलीएवढी रुंद एक स्वच्छ रेघ, वीतभर आत गेलेली. कुणीतरी तिथे काहीतरी सरकवलं होतं.

आजकाल धूर मोजायचं यंत्र मिळतं. हातात मावतं. त्याची कांडी नळकांड्यात घालायची आणि काट्याप्रमाणे स्क्रू फिरवायचा. कान लागत नाही. आणि कांडी घालायची तर पाइप आधी काढावा लागतो.

असं यंत्र वापरणारा माणूस मला माहीत होता. सुदर्शन. रंगाचा शिष्य, बारा वर्षं हाताखाली. आठ वर्षांपूर्वी त्याने असलं यंत्र विकत आणलं म्हणून रंगाने त्याला चारचौघांत दुकानाबाहेर काढलं होतं. आता वारज्याला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे.

पण मन मानत नव्हतं. सुदर्शन मागच्या छोट्या दाराने आला, पाइप काढला, गेला, हे समजा झालं. रंगा तिथेच बसून होता ना? मी शटर पूर्ण वर केलं, पाइप लावून गाडी सुरू केली. आवाज सगळा बोळात, दुकानात नुसती घरघर. मग पाइप काढला. दुकान आवाजाने भरून गेलं.

मी गाडी बंद केली आणि स्टुलावर बसलो. इंजिनातला एक ढिला वायसर ज्याला शेजारच्या खोलीतून कळायचा, तो माणूस या गोंगाटात हात टेकून शांत बसून राहिला. पाइप निघाल्याचं त्याला कळलं नाही. डोळ्यांना झोंबलं असतं तर कळलं असतं, पण गाडी नेमकी इतकी चांगली लागली होती की झोंबलंही नाही.

दोन वर्षं न सांगितलेले चहा मला तेव्हा आठवले. न उचललेले फोन आठवले. मी बोलायला लागलो की खुर्ची ओढून समोर यायचा आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा, तेही आठवलं. मला ते आगाऊपणाचं वाटायचं.

रंगाला ऐकू येत नव्हतं. आणि मी, गाड्यांचे पोचे मोजण्यात हयात घालवलेला शहाणा, त्याच्यावर रुसून घरी बसलो होतो.

५

सुदर्शन गॅरेजच्या मागच्या खोलीत बसला होता. मला बघून उठला नाही. त्याची दाढी वाढली होती.

"सोवनीकाका, तुम्ही येणार हे माहीत होतं," तो म्हणाला.

"मग सांग. की मी सांगू? काजळीत तुझ्या कांडीची रेघ आहे."

"अण्णांनी शपथ घातली होती."

"अण्णा गेले. त्यांची पोरगी स्वतःला खुनी समजून रात्र रात्र जागते आहे."

तो हादरला. त्याला हे ठाऊक नव्हतं. मग बोलायला लागला, आणि बोलताना सगळा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होता.

दोन वर्षांपूर्वी रंगा स्वतः त्याच्याकडे आला होता. म्हणाला, कान गेले. कानाला मशीन लावलं तर गिऱ्हाइकं बघतील. नळी कानात घालून बसतो, पण आत काहीच येत नाही. ज्याला यंत्रासाठी हाकललं त्याच्याकडे यंत्र मागायला आला होता. सुदर्शन पाया पडला. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा, दुकान बंद असण्याच्या वेळात, मागच्या दाराने. पैसे कधी घेतले नाहीत.

"मी यंत्राने लावायचो, अण्णा मडगार्डवर हात ठेवून बसायचे. हाताला कळायचं त्यांच्या. बरोबर लागली की मान हलवायचे. त्या दिवशी ती करडी गाडी अशी लागली, काका, की काय सांगू. अण्णांनी नाणं उभं केलं. त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाले, 'बंद करू नकोस, राहू दे. जरा बसतो हिच्याजवळ.'"

"आणि पाइप?"

बाहेर कुणीतरी पान्याने काहीतरी ठोकत होतं.

"बारा वर्षं आमची रीत होती. नळकांड्याशी काही काम असलं की मी पाइप काढून खिळ्याला लावायचो, निघताना दारातून हाक मारायचो, 'अण्णा, पाइप.' ते उठून लावायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत, शेवटची नजर मालकाची म्हणायचे. दोन वर्षं मी समोर जाऊन, खुणेने सांगत होतो. त्या दिवशी माझ्या गॅरेजमधून दोनदा फोन आला होता, घाई होती. मी मागच्या दारात पोचलो आणि तिथूनच म्हणालो, 'अण्णा, पाइप.' जुन्या सवयीने. ते पाठमोरे होते. मी दार ओढून घेतलं. मला माहीत होतं त्यांना ऐकू येत नाही. जगात मला एकट्यालाच माहीत होतं."

मला त्याला बोल लावायचा होता. येताना वाक्यंही तयार केली होती. ती तशीच राहिली.

"पोलिसांत चला म्हणालात तर येतो," तो म्हणाला.

"ते तू ठरव. आधी श्यामलाकडे चल."

"अण्णांचं नाव जाईल. लोक म्हणतील बहिरा माणूस गाड्या ऐकायचा."

"जाऊ दे गेलं तर," मी म्हणालो. "नाव मेलेल्याचं आहे. ती जिवंत आहे."

६

श्यामला दुकानात खोकी भरत होती. सुदर्शन गल्लीतच थांबला, त्याचा पाय उचलेना. मी एकटा आत गेलो.

सगळं सांगितलं. वेणूबाईची साडी, स्क्रू, काजळीतली रेघ, यंत्र, मागचं दार. शटरचंही सांगितलं. एक ते चार या वेळात ते रोजच खाली असायचं, आणि चोरून करायच्या कामाला तर असायलाच हवं होतं. तिने ओढलं नसतं तर रंगाने स्वतः ओढलं असतं. पाइप जागेवर असता तर शटर बंद असूनही काही झालं नसतं.

"सुदर्शनदादा कुठे आहे?"

"बाहेर उभा आहे. बोलावू?"

"नको. आज नको." तिने हातातलं खोकं खाली ठेवलं. "काका, मी शटर ओढताना जे बोलले..."

"बोललीस तेव्हा बाबा कुठे होते?"

"आत, गाडीपाशी. माझ्याकडे पाठ होती."

"मग नाही ऐकलं. तुझं तोंड दिसल्याशिवाय त्याला एक शब्द कळत नव्हता. तुझं शेवटचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, श्यामला. आणि मुद्दाम मरायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला साडेचारला बोलावत नाही. गाडी चांगली लागली म्हणून तो खुशीत बसला होता. तसाच गेला."

तिने डोळे मिटले. खांदे खाली आले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं, आणि मलाही जरा बरं वाटलं. मी उठायच्या बेतात होतो.

"काका," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता. "कान दोन वर्षांपूर्वी गेले ना?"

"हो."

ती कोपऱ्यातल्या सिंककडे बघत होती. तिथे रंगाचा डबा अजून पालथा घातलेला होता. तिथे उभं राहिलं की दुकानाकडे पाठ होते आणि नळाखालचं भांडं सोडून काही दिसत नाही.

"मी तिथे उभी होते. दहा मिनिटं बोलत होते, नळ चालू ठेवून. त्यांना वाटलं असेल पोरगी डबा धुतेय. म्हणून म्हणाले, चहा ठेव."

तपास माझा होता, पण हे मला दिसलं नव्हतं.

"वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही," ती म्हणाली. "आणि त्यांना का ते माहीतच नव्हतं. विचारलंही नाही त्यांनी."

"विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. पण ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. आता ती रडत होती, मोकळेपणी, नाक पुसत. मीही रडलो. वैकुंठात राहून गेलं होतं ते तिथे झालं.

काही वेळाने ती उठली. खोक्यातून पातेलं बाहेर काढलं, नळाखाली धरलं आणि दोन कप पाणी घेऊन कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा ठेवला.

"काका, डॉक्टरांकडे परत जाऊन आले मी," ती तिकडे तोंड करून म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही अजून."

मी रंगाचं स्टूल उचललं, सिंकच्या पलीकडे नेलं आणि तिचं तोंड दिसेल असं ठेवून त्यावर बसलो.

"सांग," मी म्हणालो.